फाटक्या कानाची

१४ सप्टेंबर

होस्टा गेले! कुंपणाकडेची अख्खी रांग. काल संध्याकाळी तळहाताएवढी पानं होती, आज सकाळी नुसते दांडे. आणि खाणारी तिथेच उभी — फाटक्या कानाची. कान मधोमध चिरलेला, त्यामुळे ही हरिणी लांबूनही ओळखू येते. मी खराटा घेऊन धावले. ती जरा मागे सरकली आणि चघळत चघळत माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच आगंतुक.

व्हर्लिन कॉफीचा मग घेऊन खिडकीशी उभा होता. म्हणाला, "काय डौल आहे, नाही?"

डौल! लग्न झाल्यापासून हा माणूस दर नोव्हेंबरात शिकारीला जातो. दर वर्षी घरात हरणाचं मांस येतं. गॅरेजच्या भिंतीवर शिंगांचे चार जोड आहेत. आणि माझ्या होस्टांचा फडशा पाडणारीकडे बघून म्हणे डौल. लग्नाच्या वेळी आई म्हणाली होती, माणूस गरीब आहे. तेव्हा मला ती तारीफ वाटली होती.

१६ सप्टेंबर

कुंपणाशी बर्नाडीन भेटली. इतक्या वर्षांची शेजारीण. नवरा गेल्यापासून तिला बोलायला कुणीतरी लागतं. मी बागेत असले की मी, नसले की हरणं. प्रत्येकीला नाव दिलंय. फाटक्या कानाची म्हणजे 'डचेस'.

"तुझ्या डचेसने माझे होस्टा संपवले," मी म्हटलं.

"अगं, तिचं पोट नाजूक आहे. कोवळंच लागतं तिला."

हातात बादली होती. बादलीत मका आणि सफरचंदं. गावात हरणांना खायला घालायला बंदी आहे.

"चिमण्यांसाठी आहे," ती म्हणाली.

"चिमण्या सफरचंद खातात?"

"आमच्याकडच्या खातात."

हिच्या मते शिकार म्हणजे खून. पण नाताळ जवळ आला की कुंपणावरून मान उंचावून विचारते, "सॉसेज झालं का गं? मागच्या वर्षीचं फार छान होतं." हरणाचं सॉसेज बहुतेक झाडाला लागतं.

२९ सप्टेंबर

साबणाच्या वड्या झाडांना टांगल्या. वासाने हरणं येत नाहीत म्हणे. फाटक्या कानाचीने त्या चाटून पुसून संपवल्या.

न्हाव्याकडून केस आणून पसरले. पाऊस आला, केस वाहत येऊन पायरीला चिकटले. आता आमच्या पायरीला दाढी आहे.

शेवटी लांडग्याच्या मुताची बाटली मागवली. असं काही विकत मिळतं आणि ते विकत घेणारी मी आहे, हे लिहिताना लाज वाटते. हरणं आली नाहीत. पण चर्चचे पास्टर भेटायला यायचे होते, तेही फाटकातून परत गेले. मग वारा फिरला आणि आम्हालाच घरात बसवेना. वास उडाल्यावर सगळ्यात आधी कोण आलं ते लिहायला नको.

व्हर्लिन म्हणतो, उंच जाळी लाव. जाळीमागे बाग म्हणजे तुरुंग. आणि आत बसायचं मी!

६ ऑक्टोबर

गावच्या सभागृहात हरणांवर सभा होती. वन्यजीव खात्याची एक तरुण बाई आली होती, पडद्यावर चित्रं दाखवत होती. साधं-सरळ बोलली. हरणं फार झाली आहेत. त्यांना खाणारं इकडे कुणी उरलं नाही. हिवाळ्यात रानात त्यांना पुरेल एवढं अन्नच नसतं; बर्फ वितळला की दलदलीत हाडं नि कातडं झालेली सापडतात. शिवाय गाड्यांखाली येतात ती वेगळीच. तेव्हा मारायच्या तर माद्या मारा. एक नर मारलात तर एकच कमी होतो, मादी मारलीत तर तिची पुढची पिलंही. यंदा मादीचा परवाना मागेल त्याला देणार.

मग गॉर्डी उठला. गॉर्डी म्हणजे व्हर्लिनचा धाकटा भाऊ, त्यांच्या शिकारी कॅम्पचा कारभारी. "मादीवर बंदूक?" म्हणाला. "आमच्या कॅम्पवर बाबांच्या वेळेपासून एकाने मादी मारलेली नाही. बायकांवर हात टाकणाऱ्यातले आम्ही नव्हे."

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. मला राहवेना.

"गॉर्डी, शिंगं ट्यूलिप खात नाहीत. तोंड खातं. आणि तोंड दोघांनाही असतं."

बायका हसल्या. मग बर्नाडीन रुमाल घेऊन उभी राहिली. तिचं म्हणणं, हरिणींना पिलं न होण्याचं औषध द्या. खात्याच्या बाईने गंभीरपणे सांगितलं की काही गावांनी तसं करून पाहिलंय, पण प्रत्येकीला पकडावं लागतं, पुन्हा पुन्हा टोचावं लागतं, खर्च फार.

"पकडायला कशाला हवं? डचेस माझ्या हातातून घेईल," बर्नाडीन म्हणाली.

"म्हणजे तुम्ही त्यांना हातातून खायला घालता?"

"चिमण्यांना," बर्नाडीन म्हणाली आणि खाली बसली.

व्हर्लिन सगळा वेळ मांडीवरच्या टोपीशी चाळा करत होता. गाडीत म्हणाला, "ती बाई बरोबर बोलली. कुणीतरी कमी करायलाच हवीत."

"मग कर की!"

त्याने गाडीचा हीटर वाढवला.

१९ ऑक्टोबर

ट्यूलिपचे कांदे लावले. मागे उभं राहून कुणीतरी बघतंय असं सारखं वाटत होतं. वळले नाही. कोण ते माहीत होतं.

१ नोव्हेंबर

आता बास.

काल हॅलोवीन म्हणून भोपळ्याला चेहरा कोरून दारात ठेवला होता. हसरा झाला होता, थोडा व्हर्लिनसारखा. आज सकाळी बघते तर नाकाखालचं सगळं गायब. नुसते डोळे उरलेत, तेही घाबरलेले. पायरीवर खुरांचे ठसे.

न्याहारीला बसल्याबरोबर जाहीर केलं — यंदा मी कॅम्पवर येणार. वडिलांची रायफल माळ्यावर आहे, नेम त्यांनी मला शाळेत असताना शिकवलाय. मादीचा परवाना काढणार. थंडी पडली की ही हरणांची मंडळी नदी ओलांडून तुमच्या कॅम्पमागच्या दलदलीत उतरतात, हे तूच मला सांगितलंयस. तिथे मी तिची वाट बघणार.

व्हर्लिनचा टोस्ट कॉफीत पडला. "कॅम्पवर? तू?"

"हो."

"तिथे संडास बाहेर आहे."

"मी शेतावर वाढले."

"थंडी फार असते."

"इथे काय उन्हाळा असतो?"

"पत्ते खेळताना सगळे शिव्या देतात, आर्लिस."

"तुझ्याशी संसार केलाय, मलाही येतात."

चेहरा पांढराफटक पडला त्याचा. माझी एवढी काळजी करतो बिचारा, असं वाटून मला जरा भरूनच आलं.

७ नोव्हेंबर

शुक्रवार, म्हणून बारमध्ये तळलेला मासा खायला गेलो. गॉर्डी बिअर घेऊन आमच्या टेबलाशी आला.

"तू आलीस तर आम्ही अंघोळ करायची का?"

"केलीत तर माझी हरकत नाही."

"आणि मादी मारणार म्हणे. अगं, लोक काय म्हणतील?"

"तुझ्या गेल्या वर्षीच्या शिंगांना लोक काय म्हणतात ते माहितेय का?"

गेल्या वर्षीची त्याची शिंगं कोट अडकवायच्या खुंट्यांएवढी होती. गॉर्डी हसला, तेवढा उमदा आहे. मग व्हर्लिनकडे झुकून हळूच म्हणाला, "हिला सांगितलंस का?"

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"संडासाचं," दोघं एकदम म्हणाले.

१५ नोव्हेंबर

खडीच्या खाणीत जाऊन डब्यांवर नेम धरला. डबे टणाटण उडाले. व्हर्लिन दोन्ही कानांवर हात ठेवून लांब उभा. विचित्रच माणूस.

येताना त्याचा शर्ट घेतला. शिकारीच्या मोसमाला मी त्याला दर वर्षी फ्लॅनेलचा नवा चौकड्याचा शर्ट देते, शकुनाचा म्हणून. एकही कधी परत आलेला नाही. "रक्त लागलं गं, टाकून दिला," म्हणतो. मला ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू. एरवी घरात कोळी दिसला तर ग्लासात धरून अंगणात सोडून येणारा माणूस, आणि नोव्हेंबरात रक्ताने भिजतो! तो नोव्हेंबरातला माणूस मी कधी पाहिलेला नाही. यंदा बघायला मिळणार.

यंदाचा लाल-हिरवा घेतला.

२१ नोव्हेंबर, कॅम्प



दुपारी पोचलो. ओंडक्यांची एकच खोली, मधे शेगडी, कडेला फळ्यांचे पलंग. एल्रॉयकाका कांदा परतत होते. व्हर्लिनचे काका, कॅम्पवरचे सगळ्यात म्हातारे आणि स्वयंपाकी. "ये पोरी," म्हणाले, पण नजर चोरत होते.

आधी पडदे दिसले. पिवळ्या-काळ्या चौकड्याचे. मनात आलं, घराचं छत बदललं त्या वर्षी असलाच शर्ट दिला होता व्हर्लिनला. दुसऱ्या खिडकीला हिरवा. तोही ओळखीचा. काकांनी तवा धरायला जे फडकं घेतलं होतं ते निळं, त्याला खिसा होता, खिशाला बटण होतं. ते बटण मी बदललेलं होतं.

मग भिंत दिसली.

कॅम्पची रीत मला माहीत आहे, इकडे सगळीकडेच आहे. गोळी झाडली आणि हरीण निसटलं, की त्या माणसाच्या शर्टाचा पाठीमागचा तुकडा टरकन कापायचा आणि नाव-साल लिहून भिंतीला ठोकायचा. व्हर्लिन घरी येऊन हसत हसत सांगायचा, यंदा गॉर्डीचा कापला, यंदा अमक्याचा. होते, गॉर्डीचे दोन होते. बाकीची सगळी भिंत व्हर्लिनची. वरपासून खालपर्यंत माझे शर्ट. एकही वर्ष चुकलेलं नाही. आणि एकावरही रक्ताचा ठिपका नाही.

"मग मांस कुठून यायचं?" मी विचारलं.

काका म्हणाले, "आम्ही सगळेच थोडं थोडं देतो त्याला. रिकाम्या हाताने घरी कसं पाठवायचं, पोरी?"

"आणि ती शिंगं?"

"जुन्या बाजारातली," गॉर्डी म्हणाला. "एक जोड माझा होता. खुंट्यांएवढा नव्हता तो."

एवढे मोठे शिकारी, सगळे जमिनीकडे बघत उभे. व्हर्लिन लाकडं आणायला म्हणून बाहेर गेला आणि सगळा हिवाळा पुरतील एवढी घेऊन आला.

चर्चच्या बायकांना मी आजवर काय काय सांगितलंय! आमचे हे एका गोळीत पाडतात. आमचे हे वारा बघून ओळखतात. त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. रागाच्या भरात काकांचे बटाटे तीनदा वाढून घेतले.

२२ नोव्हेंबर

मोसमाचा पहिला दिवस. पहाटेपासून एका मचाणावर आम्ही दोघं, लाकडी खोक्यात गुडघ्याला गुडघा लावून, शिकाऱ्यांच्या भगभगीत नारिंगी कपड्यांत. आणि अबोला.

उजाडल्यावर एक चिमुकला पक्षी येऊन त्याच्या बंदुकीच्या नळीवर बसला. व्हर्लिन हसला. मनापासून, लहान पोरासारखा. मग माझ्याने राहवलं नाही.

"का?" मी कुजबुजले.

त्याने पक्षी उडून जाईपर्यंत वाट बघितली. मग म्हणाला, "पहिल्याच वर्षी इथे समोर एक नर आला होता. नेम धरला. त्याच्या नाकातून वाफ निघत होती. मला वाटलं, तो काहीतरी विचारणार आहे."

"म्हणून?"

"म्हणून वर हवेत झाडली. तो पळाला, यांनी शर्ट कापला. शर्टाचं वाईट वाटलं गं, नवा होता. पुढच्या वर्षी तू पुन्हा नवा दिलास."

"मग येतोस कशाला दर वर्षी?"

"इथे बसायला. आणि आपण खातो ते कसं येतं, ते वर्षातून एकदा तरी डोळ्यांनी बघावं म्हणून. साफ करणं, कापणं सगळं मीच करतो इथे. विचार गॉर्डीला, माझ्यासारखा हात कुणाचा नाही. फक्त ती एक गोष्ट होत नाही."

"सभेहून येताना तर म्हणालास, कमी करायलाच हवीत."

"हवीतच. कुणीतरी ते करावं, आणि करणाऱ्याला मी गरम कॉफी द्यावी. तेवढंच जमतं मला."

"हा भेकडपणा झाला, व्हर्लिन."

"असेल."

मला राग आला होता, फसवल्याचा राग. त्या रागातच मी त्याचा मफलर नीट केला.

फाटक्या कानाची आली नाही. गॉर्डीसमोरून चार माद्या गेल्या म्हणे, तो शिंगांची वाट बघत बसला.

२३ नोव्हेंबर

ती आली.

झाडीतून अलगद बाहेर आली आणि उभी राहिली. फाटका कान उन्हात आरपार दिसत होता. तिच्या तोंडात माझं काही नसताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते. नाकातून वाफ निघत होती. व्हर्लिनने मला ते सांगायला नको होतं.

मी होस्टा आठवले. ट्यूलिप आठवले. भोपळ्याचे घाबरलेले डोळे आठवले. वडिलांनी शिकवल्यासारखा श्वास रोखला आणि झाडली.

थोडी धावली आणि पडली. एकाच गोळीत. चर्चमध्ये सांगायचे अगदी तशीच.

आनंद व्हायला हवा होता. व्हर्लिनने थर्मास उघडला, कॉफी ओतली, कप माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला. मग खाली उतरला. टोपी काढली, तिच्याशेजारी बर्फात गुडघे टेकले, अंगावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. आणि मग कामाला लागला. काय सफाई! बाह्या दुमडलेल्या, हात कोपरापर्यंत लाल, आणि चेहरा तसाच गरीब. इतक्या वर्षांनी मला नोव्हेंबरातला माणूस दिसला.

मधेच मान वर करून म्हणाला, "नक्की तीच ना गं? तिकडे जुन्या काटेरी तारेचं कुंपण आहे. त्यातून जाताना बऱ्याच जणींचे कान फाटतात."

"मी तिला ओळखत नाही होय? गप्प बस."

गप्प बसला.

कॅम्पवर गॉर्डीने टोपी काढली, पण ती माझ्यासाठी की तिच्यासाठी ते कळलं नाही. काकांनी काळीज कांद्यावर परतलं. "मादी काय न् नर काय, कांद्याला कळत नाही," म्हणाले. मला दोन घासांच्या वर गेलं नाही.

शर्टाला खरंच रक्त लागलंय यंदा. मी म्हटलं, टाकून दे. म्हणाला, नको, धुतो.

२६ नोव्हेंबर

घरी. स्वयंपाकघरात दिवसभर मांस कापून पांढऱ्या कागदात बांधलं. व्हर्लिन पुड्यांवर 'कीमा' एवढंच लिहीत होता. मी पेन हिसकावून घेतलं आणि प्रत्येक पुडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं — डचेस. का, ते माहीत नाही. जिंकल्यासारखं वाटावं म्हणून असेल.

गावात अर्थातच सगळ्यांना कळलंय. कचरा ठेवायला गेले तर कुंपणाशी बर्नाडीन. मी भांडणाच्या तयारीने उभी राहिले. ती एवढंच म्हणाली, "तिचं पोट नाजूक होतं." आणि आत जाऊन पडदा ओढून घेतला.

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. बर्नाडीन दर वर्षी आमच्याकडे जेवते. आली नाही. व्हर्लिनने तिचं ताट मांडून ठेवलं होतं. ताटातल्या टर्कीबद्दल मात्र कुणालाच काही वाटलं नाही.

२ डिसेंबर

पास्टरचा फोन. शनिवारी दुपारी बर्नाडीनच्या अंगणात डचेसची शोकसभा आहे.

"तुम्ही हरणासाठी प्रार्थना म्हणणार?" मी विचारलं.

"छोटीशीच," ते म्हणाले. "फार रडली हो ती."

व्हर्लिन म्हणतो, आपण जायला हवं. मी म्हटलं, मारणारीने शोकसभेला जायचं? म्हणाला, "रिकाम्या हाताने जाऊ नये. काहीतरी कर."

खरं सांगायचं तर मला जायचंच आहे. कुंपणापलीकडचा तो पडदा मला बघवत नाही. बाग एवढीशी राहिली तरी चालेल, पण या बाईशी अबोला धरून उरलेला जन्म काढायचा म्हणजे काय?

६ डिसेंबर

कसं लिहू?

बर्फात काचेच्या बरण्यांमधून मेणबत्त्या लावलेल्या. मधे डचेसचा मोठा फोटो. फोटोत तिच्यामागे माझे होस्टा आहेत, अजून धडधाकट. निम्मं गाव आलं होतं. गॉर्डीसुद्धा, जेवण आहे कळल्यावर. पास्टरांनी "सर्व भुकेल्या जिवांसाठी" प्रार्थना म्हटली. गॉर्डीने सगळ्यात मोठ्याने आमेन म्हटलं.

बर्नाडीन बोलायला उभी राहिली. "माझा हॅरल्ड गेला त्या हिवाळ्यात ही रोज सकाळी यायची," म्हणाली. "मला उठावं लागायचं. कुणासाठी तरी उठावं लागायचं." मला हे माहीतच नव्हतं. शेजारी राहून माहीत नव्हतं! मी हमसाहमशी रडले. सगळ्यांसमोर जाऊन म्हटलं, "चुकलं माझं, बर्नाडीन." तिने मला घट्ट मिठी मारली. नारिंगी कोट, गळणारं नाक, सगळ्यासकट.

मग आत जेवायला. टेबलावर हॅमचे सँडविच, गाजर घातलेली जेली, वड्या, आणि माझी हॉटडिश. गावात कुणीही गेलं की मी हीच घेऊन जाते. कीमा, घेवड्याच्या शेंगा, अळंबीचं डब्यातलं सूप, वर कुरकुरीत बटाटे. डोळे मिटूनसुद्धा करेन.

तशीच केली होती. डोळे मिटून.

बर्नाडीनने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "आर्लिस, काय घातलंयस यात? इतकी चव कधीच नव्हती आली."

आणि मला फ्रीझर दिसला. पांढरी पुडी दिसली. सगळ्याच पुड्यांवर तेच नाव, डोळ्यांना सवय झालेली, हाताला लागली ती उचलली. व्हर्लिनकडे बघितलं. त्याने काटा कधीच खाली ठेवला होता. त्याला पहिल्या घासालाच कळलं होतं. पास्टर बशी पुसून खात होते. गॉर्डी तिसऱ्यांदा रांगेत.

"जायफळ," मी म्हटलं.

"तरीच," बर्नाडीन म्हणाली.

येताना अर्ध्या वाटेत व्हर्लिनला हसू फुटलं. मीही हसले. मग फाटकाशी हसू थांबलं. जाऊन तोंड धुतलं, तरी चव जाईना. चव चांगली होती, हेच वाईट.

७ डिसेंबर

बर्नाडीनने भांडं घासून परत आणलं. रिकामं नाही, आत चॉकलेटच्या वड्या. हॉटडिशची कृती मागितली. सांगितली. जायफळासकट.

१४ डिसेंबर

सकाळी पडदा सारला. बागेतल्या सीडारच्या झाडाला बांधलेलं गोणपाट ओढून काढून फाटक्या कानाची निवांत खात होती. चघळत माझ्याकडे बघितलं, जणू मीच आगंतुक. कुंपणापलीकडे बर्नाडीन नाइटगाऊनवर बर्फात उभी. हातात सफरचंद. हसत होती, रडत होती, मला हाका मारत होती.

मी हात केला. मग तळघरात गेले, फ्रीझर उघडला आणि उरलेल्या पुड्यांवरचं 'डचेस' एकेक करून खोडलं. फ्रीझरमधल्या या कुणा दुसरीसाठी कुणी मेणबत्ती लावली नाही. पेन हातात धरून थांबले. त्या जागी काय लिहायचं ते सुचेना.